शस्त्रानंतरची वेदना : भगंदर, सुश्रुत आणि औषधी दोरा

१/ १८ नोव्हेंबर १६८६. दख्खनेत छत्रपती संभाजी महाराज मोगलांशी झुंजत होते. त्याच वेळी व्हर्सायमध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई भगंदराच्या शस्त्रक्रियेस सामोरा गेला. शल्यविशारद होता फेलिक्स. भूल देण्याची विद्या अजून १६० वर्षे दूर होती.

२/ गुदद्वाराशी संवेदनवाहक नसांचे दाट जाळे असते. शस्त्रक्रियेनंतर तेथील स्नायू आखडतो आणि रोजचा मलविसर्ग जखम पुन्हा डिवचतो. त्यामुळे खरी कसोटी लागते ती पुढील दिवसांत.

३/ सुश्रुतसंहितेस हे ठाऊक होते. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास भोजन द्यावे आणि वेदना न सोसणारा मद्यपी असल्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे ती सांगते. मात्र मूळव्याध व भगंदर यांत शस्त्रकर्म उपाशीपोटीच करावे, असा तिचा दंडक आहे. ज्यांना आधार सर्वाधिक हवा, त्यांचाच भोजनाचा आधार सुटे.

४/ शस्त्रकर्मानंतरच्या तीव्र वेदनेवर संहितेचा उपाय म्हणजे ज्येष्ठमधयुक्त कोमट तुपाचे सिंचन. उबेचे हे तत्त्व टिकून आहे : आजही अशा रुग्णास कोमट पाण्याच्या टबात बसण्यास सांगतात.

५/ याहून लक्षणीय आहे क्षारसूत्राचा विधी. कृश, दुर्बल आणि भित्र्या रुग्णांचा नाडीव्रण शस्त्राने न छेदता क्षार लावलेल्या दोऱ्याने छेदावा. भगंदरातही हाच विधी योजावा. रुग्णाची भीती येथे उपचार ठरविणारे कारण मानली गेली.

६/ अकराव्या शतकातील चक्रदत्तानेही या दोऱ्याचे वर्णन केले. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी त्याला नवी प्रतिष्ठा दिली. दोऱ्यावर २१ पुटे चढतात : निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीच्या वाटेवर बांधाबांधावर दिसणारा आघाडा तो हाच. क्षार मात्र दाहक असतो. हा घरगुती प्रयोग नव्हे.

७/ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची तुलनात्मक चाचणी १९९१मध्ये प्रसिद्ध झाली. दोऱ्याने जखम भरण्यास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण भगंदर उलटण्याचे प्रमाण दोऱ्यात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के होते.

८/ दोराही वेदनारहित नाही. दर आठवड्यास तो बदलताना जळजळ होतेच. आज भूल आणि वेदनाशामके हाताशी आहेत. तरी मूळव्याध-भगंदराचे दुखणे लाजेपोटी लपविले जाते आणि उपचार लांबतो. प्राचीन शल्यतंत्राने भित्र्या रुग्णाला हिणवले नाही. त्याच्यासाठी निराळी वाट आखली.