पगारपत्रक, ज्वारी आणि अर्ज

आरोग्य विम्याचा अर्ज भरताना माणूस स्वतःच्या शरीराबद्दल जितका जपून बोलतो, तितका तो डॉक्टरपुढेही बोलत नसावा. मला सरकारी भाषा कळते असा आमच्या भागात एक समज आहे, त्यामुळे असे अर्ज भरून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "साखर लिहायची का?" लिहिली तर हप्ता वाढतो, कधी अर्जच परत येतो. लपवली तर पुढे दावा नाकारला जातो. मी "लिहा" म्हणतो, आणि समोरच्याचा चेहरा पडतो.

विमा मागणाऱ्यालाच आपला आजार लपवावासा वाटावा, ही तऱ्हा आली कुठून? कामगारांच्या इतिहासाच्या कागदपत्रांत मी वीसेक वर्षे नोकरी सांभाळून, हौसेने हिंडतो आहे. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. आपल्याकडे कष्टकऱ्यांसाठी स्वस्त आरोग्य विमा प्रथम आला तेव्हा असा अर्ज नव्हताच.

मार्च १९४३. महायुद्ध ऐन भरात होते आणि ब्रिटनमध्ये बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल काही महिन्यांपूर्वीच प्रसिद्ध झाला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आजारपणाचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. १९२९मध्ये तो कायदा मुंबई प्रांतात झाला, देशात पहिला. १९४३ साली सरकारने प्रा. बी. पी. अदारकर या अर्थतज्ज्ञाला औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिजे-धातू हे तीन उद्योगगट समोर ठेवून अदारकरांनी ऑगस्ट १९४४मध्ये अहवाल दिला.

त्या योजनेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द आहे 'सक्तीचा'. आज तो कानाला खुपतो. पण विमा ऐच्छिक ठेवला तर काय होते, ते पाहा. धडधाकट माणूस म्हणतो, मला काय धाड भरली आहे! तो येत नाही. खोकणारा मात्र धावत येतो. मग फंड बुडू नये म्हणून दारावर चौकीदार बसवावा लागतो, आणि चौकीदार खोकणाऱ्यालाच अडवतो. सगळ्यांकडून वर्गणी घेतली की चौकीदाराची गरज उरत नाही. कामगार कारखान्यात लागला की तो विमेदार झाला. त्याच्या छातीला नळी लावून 'आधीपासून काही आहे का' असे विचारायचे कारण नाही.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी १९४५मध्ये योजना तपासली. त्यांच्या सूचनांनंतर बाळंतपण आणि कामावरचा अपघातही तीत आला. एप्रिल १९४८मध्ये कायदा झाला आणि चार वर्षे कागदावरच राहिला. योजना आधी एकदोन शहरांत सुरू करायची होती. तिथले मालक म्हणू लागले की वर्गणी आम्ही भरायची आणि दुसऱ्या गावच्या गिरणीचा माल स्वस्त पडायचा, हा कुठला न्याय? १९५१च्या दुरुस्तीने यावर तोड काढली. योजना पोचली असेल तिथल्या मालकांनी पगाराच्या सव्वा टक्का भरायचा आणि न पोचलेल्या ठिकाणच्यांनी पाऊण टक्का. म्हणजे कानपूरच्या विणकऱ्याच्या औषधासाठी योजना सुरू होण्याआधीच मुंबईचा मालकही पैसे भरू लागला. आपल्या आर्थिक इतिहासात या पाऊण टक्क्याची फारशी कोणी आठवण ठेवलेली नाही.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. दिल्लीतही त्याच वेळी. दोन्ही मिळून सुमारे १ लाख २० हजार कामगार. मुंबईत ती ऑक्टोबर १९५४मध्ये आली. कानपूर-दिल्लीत योजनेचे स्वतःचे दवाखाने निघाले, मुंबईत मात्र गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांनाच यादीवर घेतले. गिरणगावातले 'पॅनल डॉक्टर' ते हेच. वर्गणीची तिकिटे कार्डावर चिकटवली जात, आणि हक्काचा पुरावा तोच. १९५८पासून कुटुंबालाही वैद्यकीय सोय मिळू लागली.

हे चित्र फार सोज्वळ करण्यात अर्थ नाही. रांगा, औषधांचा तुटवडा, सर्टिफिकेटाचा बाजार हे सगळे होते. शिवाय कायदा सुरुवातीला लागू होता तो विजेवर चालणाऱ्या, बारमाही आणि वीसवर माणसे असलेल्या कारखान्यांना, आणि ४०० रुपयांपर्यंतच्या पगाराला. शेतमजूर, घरकामवाली, हमाल, विडी वळणाऱ्या बाया अशी बहुसंख्य माणसे बाहेरच होती. आणि आत असणाऱ्याचा हक्कही पगारपत्रकाला बांधलेला. पगार नाही तर वर्गणी नाही, आणि वर्गणी थांबली की काही महिन्यांत हक्क सरला. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. कित्येकांची नोकरी कायमची गेली. तिच्याबरोबर हा विमाही गेला, याचा उल्लेख संपाच्या वर्णनांत क्वचितच असतो.

ज्यांचे नाव कुठल्याच पगारपत्रकावर नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर वर्धा जिल्ह्यात शोधले गेले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाभोवतीच्या खेड्यांत १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विम्याची वर्गणी ज्वारीत घ्यायला सुरुवात केली. वेळ निवडली ती सुगीची, कारण मजुराच्या घरात चार दाणे असतात ते तेव्हाच. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायचे, भूमिहीनाने थोडे. एकट्यादुकट्याला मात्र प्रवेश नव्हता. गावातली बहुतांश कुटुंबे सामील झाली तरच गावाला योजना मिळे. अदारकरांनी कायद्याच्या सक्तीने जे साधले, ते इथे गावाच्या संमतीने साधले जात होते. अचानकच्या आजाराला रुग्णालयात खर्च पडत नसे, ठरवून करायच्या उपचारांचा काही भाग रुग्णाने द्यायचा. ज्वारीत आणखी एक खुबी होती. धान्याचे भाव वाढले की वर्गणीचे मोलही आपोआप वाढे. अर्थात ज्वारीच्या पोत्यांवर रुग्णालय चालत नाही. त्यामागे सरकारी अनुदान होते, आणि जिथे ते नव्हते तिथे हा प्रयोग उचलणे सोपे नव्हते.

अर्ज आला तो १९८६मध्ये, सरकारी विमा कंपन्यांच्या 'मेडिक्लेम'बरोबर. आता विमेदार एकटा होता, आणि आजार हा त्याने आधीच जाहीर करायचा दोष. गरिबांसाठी म्हणून १९९६मध्ये 'जन आरोग्य' पॉलिसी निघाली. पंचेचाळिशीपर्यंतच्या माणसाला वर्षाला ७० रुपयांत ५,००० रुपयांचे संरक्षण. स्वस्त खरी, पण तीही दवाखान्यात दाखल होण्यापुरतीच. अलीकडे नियम सैल झाले आहेत. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षे करण्यात आली, ती पूर्वी चार होती. साठीच्या मधुमेही माणसाला तीन वर्षेही थोडी नव्हेत.

सरकारी योजनांनी मात्र अर्जाला पुन्हा वळसा घातला. २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना, पुढे महात्मा जोतिराव फुल्यांच्या नावाने चालू असलेली, तिथे साखर कोणी विचारत नाही. शिधापत्रिका विचारतात, आणि रुग्णालयातला आरोग्यमित्र कागदपत्रे पाहतो. २०२३मध्ये शासनाने ५ लाखांपर्यंतचे संरक्षण सर्व शिधापत्रिकाधारकांना देण्याचा निर्णय घेतला, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी इकडेच पाठवतो, खाजगी पॉलिसीचे मागाहून बघू म्हणतो.

पण अदारकरांच्या परंपरेतली एक गोष्ट यांपैकी कशातच नाही : बुडालेला रोज. राज्य कामगार विम्यात आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि साध्या तापाची गोळीही. त्यासाठी २०१९पासून कामगाराच्या पगारातून फक्त पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. अट एवढीच की पगार महिना २१,००० रुपयांवर नसावा. ही मर्यादा जानेवारी २०१७ची आहे. त्यानंतर ज्यांना थोडी पगारवाढ मिळाली आणि ते तिच्या पलीकडे गेले, त्यांतले काही जण आता माझ्यासमोर बसून विचारतात, "साखर लिहायची का?"