कमानीच्या पोटातला खांब

आपल्याकडे कालवा म्हटला की आधी पाणी आठवतं. पाटाला पाणी सुटलं का, आपल्या चारीपर्यंत पोचलं का, आज पाळी कुणाची. इंग्लंडच्या मुलखातल्या कालव्यांना असले प्रश्न कुणी विचारत नाही. तिथल्या पाण्याला कुठे पोचायचं नसतं, पोचायचं असतं नावेला. पाण्याने आपलं जागेवर पडून राहायचं. नाव ओढणारा घोडा काठाच्या पायवाटेने चालायचा, आणि मागे सात फूट रुंद, सत्तर फूट लांब अशी चिंचोळी नाव माल घेऊन यायची. तिथली माणसं या कालव्याला साधं ‘कट’ म्हणतात. जमीन कापली, तो कट.

अशाच एका कटावर, स्टॅफर्डशायरच्या पश्चिम कडेला, नॉर्बरी जंक्शन या वस्तीच्या जरा उत्तरेला 39 नंबरचा पूल आहे. त्याला उंच पूल म्हणतात. वरून ए 519 हा हमरस्ता जातो. गाडीवाल्याला पूल आला नि गेला हे कळतही नाही. तो बघायचा तर खालून, नावेतून. झाडीने अंधारलेल्या खोल चरात वर बघितलं की एक उंच कमान दिसते. त्या कमानीच्या पोटात, मधल्या उंचीवर, दुसरी एक कमान आडवी टाकलेली. आणि त्या धाकट्या कमानीच्या पाठीवर उभा आहे तारेचा एक बुटका खांब! रस्ता वरच्या कमानीवरून जातो, नाव खालच्या कमानीखालून जाते, आणि खांब कुणाच्याच वाटेत नसलेल्या त्या पोकळीत.

ही रचना कुठून आली हे समजून घ्यायचं तर हा कालवा आखणाऱ्या अभियंता थॉमस टेलफर्डपाशी जावं लागतं. त्याच्या आधीच्या पिढीतले कालवे टेकडीच्या कडेकडेने, वळसे घेत, एकच पातळी धरून चालायचे. लांबले तर लांबले. पण 1824-25 च्या सुमारास बर्मिंगहॅम ते लिव्हरपूल आगगाडीची भाषा सुरू झाली आणि कालवेवाल्यांचं धाबं दणाणलं. आता वळसे परवडणार नव्हते. 1826 मध्ये या कालव्याला, बर्मिंगहॅम अँड लिव्हरपूल जंक्शन कालव्याला, संसदेची मंजुरी मिळाली आणि टेलफर्डने नकाशावर जवळजवळ सरळ रेघ ओढली: ऑदर्लीपासून नॅन्टविचपर्यंत साडेएकोणचाळीस मैल. टेकडी आली की चर खणायचा, खोलगट जागा आली की त्याच मातीचा भराव घालायचा. पुढे रेल्वेवाल्यांनी जे केलं तेच हे. फक्त रुळांच्या जागी पाणी.

सरळ रेघ मातीला मात्र मानवली नाही. नॉर्बरीच्या उत्तरेला ग्रब स्ट्रीटचा चर, दक्षिणेला शेलमोरचा भराव, आणि दोन्हीकडे माती घसरायची. शेलमोरचा भराव मुळात व्हायचाच नव्हता. कालवा नॉर्बरी पार्कमधून न्यायचा होता, पण तिथल्या लॉर्ड अॅन्सनने शिकारीच्या पाखरांचं रान मोडू देणार नाही म्हणून अडवलं. मग वाकडी वाट करून मैलभर लांबीचा, साठ फूट उंचीचा बांध घालणं आलं. एके काळी 400 माणसं आणि 70 घोडे तिथे राबत होते. टाकलेली माती खचायची, पुन्हा टाकायची. काम साडेपाच वर्षं चाललं. टेलफर्ड म्हातारा झाला, ऐकू येईनासं झालं, शेवटी काम विल्यम क्युबिटच्या हाती गेलं. सप्टेंबर 1834 मध्ये टेलफर्ड वारला आणि मार्च 1835 मध्ये कालवा खुला झाला. पाखरांपायी एवढं सगळं! दोनच वर्षांत, 1837 साली, ग्रँड जंक्शन रेल्वे धावू लागली.

उंच पुलातली आडवी कमान हीसुद्धा त्याच मातीशी झालेल्या झटापटीची निशाणी. दोन्ही काठ आतल्या बाजूला कलू पाहणारे, तेव्हा दोन उंच भिंतींमध्ये टेकू म्हणून ती घातली. विहिरीच्या भिंती आत येऊ नयेत म्हणून आडवं लाकूड ठोकतात, तसंच. पुढे कालव्याच्या काठाने तारयंत्राची ओळ आली. खांबाला जागा हवी होती, आणि कमानीच्या पोटात ती आयती तयार होती. तारा गेल्या, खांब राहिला.

पुलाला भूतही आहे. 21 जानेवारी 1879 च्या रात्री दहाच्या सुमाराला एक मजूर सामानाची घोडागाडी घेऊन परतत होता. पुलापाशी झाडीतून पांढऱ्या मोठ्या डोळ्यांचं काळं काहीतरी झेपावलं आणि घोड्याच्या पाठीवर बसलं. त्याने चाबूक मारला, तर चाबूक आरपार गेला. शार्लट बर्न या बाईंनी 1883 मध्ये छापलेल्या श्रॉपशायरच्या लोककथांच्या संग्रहात ही हकीकत आहे. त्यातला गावचा पोलीस अगदी सहजपणे सांगतो की तो माणूस-माकड आहे, कटात एक जण बुडून मेला तेव्हापासून पुलावर येतो. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो हे कोकणातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. त्या पोलिसाची आणि आपल्या एखाद्या पोलीस पाटलाची भेट झाली असती तर चहा होईपर्यंत दोघांचं जमलं असतं.

मालवाहतूक विसाव्या शतकात आटली. नॉर्बरीहून न्यूपोर्टकडे उतरणारा फाटा, सलग 17 लॉकांचा (नाव पायरीपायरीने खाली उतरवणाऱ्या दारांच्या हौदांचा), 1944 च्या कायद्याने सोडून दिला. त्याच वर्षी एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं आणि लोक कालव्यांकडे हौसेने बघू लागले. मुख्य कालवा सुट्टीतल्या नौकाविहारासाठी टिकला. नॉर्बरीत आता भाड्याच्या नावा मिळतात. डिझेल, पिण्याच्या पाण्याचा नळ, मैल्याची टाकी रिकामी करायची सोय, नाव बांधून ठेवायला जागा आणि काठावरच दारूचा गुत्ता. वेग ताशी चार मैलांच्या आत, म्हणजे घोडा चालायचा तेवढाच.

त्या सोडून दिलेल्या फाट्यावरचा सगळ्यात वरचा लॉक मात्र अजून कामात आहे. तो आता कोरडी गोदी झाला आहे. नाव आत घ्यायची, पाणी सोडून द्यायचं, आणि उघड्या पडलेल्या तळाला काळा डांबरी लेप फासायचा. त्याच्याखालचे सोळा लॉक सोडून दिले ते दिलेच.