श्राव्यातीत ध्वनी आणि स्थितिस्थापकतेचे मापन : नागपूरच्या संदर्भात

पदार्थावर बल लावले असता त्याचा आकार किंवा आकारमान बदलते आणि बल काढून घेताच तो पूर्वस्थितीला येतो, या गुणधर्माला स्थितिस्थापकता म्हणतात. तिचे मापन दीर्घकाळ वजनांच्या साहाय्याने होत असे. तार टांगून, एकेक वजन वाढवत तिची वाढलेली लांबी नोंदवण्याची ही पद्धत पदवीच्या प्रयोगशाळांत आजही शिकवली जाते. परंतु नखाएवढ्या स्फटिकाला वजन टांगता येत नाही, द्रवाची तार ओढता येत नाही आणि उभ्या इमारतीचा खांब कापून दाबयंत्राखाली ठेवता येत नाही. या तिन्ही ठिकाणी ध्वनी उपयोगी पडला.

पदार्थ जितका ताठ, तितका त्यातून ध्वनी वेगाने जातो, आणि वेगाच्या वर्गाला घनतेने गुणले की त्या तरंगाशी निगडित गुणांक मिळतो. अॅल्युमिनियममध्ये कणांची हालचाल तरंगाच्या दिशेला काटकोनात असलेल्या अवतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ किलोमीटर असतो. घनमीटरला २,७०० किलोग्रॅम ही घनता घेतली, तर दृढता गुणांक सुमारे २६ गिगापास्कल येतो. मात्र लहान नमुन्यात मावण्यासाठी तरंगलांबी आखूड हवी, म्हणून सेकंदाला २०,००० कंपनांच्या पलीकडचा, मानवी कानाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी वापरावा लागतो. काही स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युतभार निर्माण होतो, हा क्यूरी बंधूंचा १८८० मधील शोध आणि पहिल्या महायुद्धात लाँजव्हँ यांनी क्वार्ट्झपासून बनवलेले ध्वनिप्रेषक यांमुळे तो हुकमी मिळू लागला.

भारतात या विषयाचा पाया चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी घातला. १९१० मध्ये वित्त खात्यातील अधिकारी म्हणून रामन यांची रंगूनहून नागपूरला बदली झाली आणि वर्षभरातच ते कलकत्त्याला परतले. या अल्प वास्तव्याचा त्यांच्या पुढील संशोधनाशी संबंध जोडणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही हिशेबतपासणीची नोकरी सांभाळून कंपनांचा अभ्यास करणारा हा तरुण मध्य प्रांताच्या राजधानीत राहून गेला, ही नोंद नागपूरकरांनी जपावी अशी आहे. श्राव्यातीत तरंगांमुळे द्रवात दाट आणि विरळ थरांची जाळी तयार होते व तिच्यातून जाणारा प्रकाश अनेक रेषांत विभागतो, हे १९३२ मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे दिसून आले होते. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळूरहून त्याची गणिती उपपत्ती मांडली.

रामन यांचे शिष्य सूरी भगवंतम् यांनी आंध्र विद्यापीठात हा धागा स्फटिकांकडे नेला. स्फटिकाची ताठरता दिशेनुसार बदलते, त्यामुळे तिच्या वर्णनाला घनाकृती सममितीच्या स्फटिकात तीन, तर सर्वांत कमी सममितीच्या स्फटिकात एकवीस स्थिरांक लागतात. भगवंतम् आणि भीमसेनाचार यांनी हिऱ्याचे तिन्ही स्थिरांक श्राव्यातीत पद्धतीने मोजून १९४६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये मॅक्स्किमिन आणि बाँड यांच्या अधिक अचूक मापनाने ते आकडे बरेच बदलले, पण त्यामुळे पहिल्या प्रयत्नाचे मोल कमी होत नाही.

विदर्भात ही विद्या अधिक रुजली ती द्रवांच्या अभ्यासात. येथील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांत आढळणाऱ्या व्यतिकरणमापीच्या दुहेरी भिंतीच्या पात्रात तळाशी क्वार्ट्झची चकती असते, तिच्यावर द्रव आणि द्रवात स्क्रूने वरखाली होणारी परावर्तक पट्टी. स्क्रू सावकाश फिरवताना विद्युतप्रवाहमापीचा काटा ठरावीक अंतराने झुकतो. पाण्यात सेकंदाला २० लाख कंपने असतील, तर हे अंतर सुमारे ०.३७ मिलिमीटर, म्हणजे अर्धी तरंगलांबी भरते. त्यावरून वेग आणि वेगावरून संकोच्यता, म्हणजे दाबाखाली द्रव किती आक्रसतो याचे माप, काढले जाते. साधी उपकरणे आणि निर्वाताची किंवा अतिशीत तापमानाची गरज नसणे, यांमुळे मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळांना हे संशोधन परवडले. या प्रदेशातील विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात त्याला मिळायला हवी तेवढी जागा अद्याप मिळालेली नाही.

घन पदार्थांपैकी शहराच्या रोजच्या जीवनाला सर्वांत जवळचा तो काँक्रीट. १९४० च्या दशकात इंग्लंड आणि कॅनडात काँक्रीटमधून ध्वनिस्पंद पाठवण्याची पद्धत विकसित झाली आणि १९९२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिचे प्रमाणित रूप प्रसिद्ध केले. नागपुरातील प्रतापनगर या वस्तीपासून जवळच असलेले आणि १९६० मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेले विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थान, तसेच या वस्तीत उभ्या असलेल्या बहुमजली इमारती, या दोहोंच्या संदर्भात ही पद्धत पाहिली म्हणजे तिचा व्यवहारातील अर्थ उलगडतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये खांबाचे प्लास्टर थोडे काढून दोन समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावतात, जेणेकरून मधल्या हवेत ध्वनी अडू नये, आणि त्यावर प्रेषक व ग्राहक दाबून धरतात. तीस सेंटिमीटर जाडीच्या खांबातून स्पंद ७५ मायक्रोसेकंदांत पोहोचला, तर वेग सेकंदाला चार किलोमीटर ठरतो. १९९२ च्या मानकात साडेचारच्या वरचा वेग उत्कृष्ट, साडेतीन ते साडेचार चांगला, तीन ते साडेतीन मध्यम आणि तीनच्या खालचा शंकास्पद गणला होता. सळई वाटेत आली किंवा काँक्रीट ओले असले, तर वेग प्रत्यक्षाहून चांगला भासतो. म्हणून आधी सळयांच्या जागा शोधतात आणि एकाच खांबावर अनेक ठिकाणी वाचन घेतात. या वेगावरून काढलेला गतिक गुणांक दाबयंत्रावर मिळणाऱ्या स्थितिक गुणांकापेक्षा साधारणतः अधिक येतो, कारण ध्वनीने दिलेले विकृतीचे प्रमाण अत्यल्प असते आणि तेवढ्याने सूक्ष्म तडे वाढत नाहीत.