कातरणापासून तोरण : कापडाच्या घड्यांची सोपी कला

ब्लाउज किंवा कुर्ता शिवून उरलेल्या लहान तुकड्यांना कातरण म्हणतात. पुण्यात कापड सुक्या कचऱ्यात जातं. पण हातभर लांबीच्याही नसलेल्या चिंध्यांना भंगारात फारसा भाव मिळत नाही, त्यामुळे त्या कचऱ्यातच राहतात. घड्या घालून केलेल्या वस्तूंना मात्र असेच छोटे तुकडे लागतात.

जुनी परंपरा
आपल्याकडे जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी किंवा वाकळ शिवली जाते. ओटी भरताना खणाची त्रिकोणी घडी घालतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ या गोधडीच्या कोपऱ्यांवर रंगीत तुकड्यांच्या त्रिकोणी घड्या शिवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत.

कोणतं कापड निवडावं?
सुती कापड आणि खण यांवर घडी चांगली बसते. पॉलिस्टरची घडी सुटते आणि गरम इस्त्रीने ते वितळतं. शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून जपून जाळून पाहा. सुताची राख होते, पॉलिस्टरचा कडक गोळा होतो. रंग जाणारं कापड आधी धुऊन घ्या.

त्रिकोणी घडी कशी घालावी?
1. 3 इंचांचा चौकोन कापा.
2. तो कर्णावर दुमडा, मग त्या त्रिकोणाची पुन्हा मधोमध घडी घाला.
3. इस्त्री वरून दाबा, ओढू नका. घडी उरेब असल्याने कापड ताणलं जातं.

आता 3 इंच पाया आणि दीड इंच उंची असलेला त्रिकोण तयार होतो. कापलेल्या सगळ्या कडा पायाकडे येतात आणि पट्टीत शिवल्या जातात. म्हणून प्रत्येक तुकड्याला वेगळी तुरपाई करावी लागत नाही. हाच या पद्धतीचा मोठा फायदा.

तोरणासाठी हिशेब
36 इंचांच्या दारासाठी त्रिकोण एकमेकांवर 1 इंच चढवले, तर 18 चौकोन लागतात. ते दुहेरी पट्टीत टाचून धावदोरा किंवा मशीनची शिलाई घाला. मणी, लेस तुळशीबागेत मिळतात.

पुढच्या वेळी शिंप्याकडे कपडा टाकताना एवढंच सांगा, “कातरण टाकू नका, मला परत द्या.” कापडाचे पैसे तुम्हीच दिलेले असतात.