सिंडरेला तिकिटे

टपालतिकिटासारखी दिसणारी, परंतु शासकीय टपालखात्याने टपालखर्चासाठी न काढलेली तिकिटे व लेबले यांना संग्राहकांच्या परिभाषेत सिंडरेला तिकिटे असे म्हणतात. तार तिकिटे, धर्मादाय निधीची लेबले, जाहिरातीची चित्रतिकिटे आणि कपोलकल्पित देशांची तिकिटे यांत मोडतात. महसूल तिकिटे यांत धरावीत की नाही, याविषयी मतभेद आहेत. नेहमीच्या कॅटलॉगमध्ये यांतील बहुतेकांची नोंद नसते. त्यामुळे वारशाने आलेल्या संग्रहात ती निरुपयोगी म्हणून टाकली जातात किंवा दुर्मिळ टपालतिकिटे समजून भलत्याच किमतीस विकत घेतली जातात.

ओळख

प्रथम तिकिटावरील मजकूर वाचावा. 'कोर्ट फी', 'रेव्हेन्यू', 'टेलिग्राफ' यांसारख्या शब्दांनी निम्मे काम होते. कोल्हापूर, बडोदे इत्यादी संस्थानांच्या कोर्ट फी तिकिटांवर मात्र देवनागरी किंवा गुजराती मजकूर आढळतो. मजकुरानंतर रद्द करण्याची खूण पाहावी. शाईची सही, तारीख किंवा पाडलेले भोक हे बहुधा महसुली वापराचे लक्षण होय. 1906 पासून भारतात टपाल व महसूल या दोन्हींसाठी चालणारी तिकिटे निघाल्याने, त्यांच्याबाबतीत ही खूणच निर्णायक ठरते. उलट, टपालाचा शिक्का हा पुरेसा पुरावा नव्हे. डेन्मार्कमध्ये 1904 साली सुरू झालेल्या नाताळ लेबलांसारखी लेबले पाकिटावर तिकिटाशेजारी चिकटवीत व शिक्का दोहोंवर पडे.

कागदपत्राला चिकटलेले तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. तारीख, ठिकाण व वापराचे कारण त्या कागदावरच असते.

भारतातील उदाहरणे

ब्रिटिश काळातील तार तिकिटे उभट असून त्यांवर राणी व्हिक्टोरियाचे मुखचित्र दोनदा छापलेले असे. तिकीट कापून खालचा भाग तारेच्या अर्जावर व वरचा भाग ग्राहकाच्या पावतीवर लावीत. अर्ज नष्ट होत, पावत्या घरी राहत. म्हणून संग्रहांत बहुधा वरचेच अर्धे आढळते. ते फाटके टपालतिकीट नव्हे.

1866 मधील सहा आण्यांचे तिकीट नवख्यास हमखास चकविते. 'फॉरेन बिल' महसूल तिकिटांच्या वरच्या व खालच्या पट्ट्या कापून, त्यांवर 'पोस्टेज' असे छापून ती टपालासाठी वापरली गेली. कापलेले व महसुली दिसत असूनही हे खरे टपालतिकीट आहे.

याउलट, बर्लिन येथे 1943 मध्ये छापलेली आझाद हिंदची तिकिटे टपालासाठीच तयार झाली, पण प्रत्यक्ष वापरात कधीच आली नाहीत.