इबादत : गुलामी की प्रीती ?



आपल्या कोणत्याही शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहा. अब्दुल रहमान, अब्दुल गफूर, अब्दुल लतीफ, अब्दुल्ला... नावांमागून नावे. हजेरी घेताना आम्ही शिक्षक घाईघाईने 'अब्दुल' एवढेच पुकारतो आणि घरी आईही तेच करते. खरे पाहता 'अब्दुल' हे नाव नव्हेच. ते अर्धे राहिलेले वाक्य आहे. 'अब्द' म्हणजे दास. कोणाचा दास हे सांगणारा पुढचा शब्द आपण गिळून टाकतो. एके वर्षी नववीच्या वर्गात मी हे सांगत असता एका मुलाने उठून विचारले, "सर, म्हणजे माझ्या नावाचा अर्थ गुलाम? मग नमाज ही गुलामीच की!" वर्ग हसला. मीही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला फार उशिरा दिलेले उत्तर समजावे.

मराठीत 'दास' हा शब्द कानाला टोचत नाही. शेजारच्या घरी रामदास असतो, हरिदास असतो. त्याला कोणी गुलाम समजत नाही. भक्तीच्या भाषेत वापरून वापरून तो शब्द मऊ झाला आहे. अरबीतला 'अब्द' मूळचा इतका मऊ नाही. प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळातील मक्केत अब्द म्हणजे बाजारात विकत मिळणारा माणूस. त्याच धातूपासून 'इबादत' हा शब्द आला. फारसीत हाच प्रकार : बंदा म्हणजे बांधलेला, आणि त्याची ती बंदगी. तेव्हा त्या मुलाने शब्द बरोबर पकडला होता. शब्द गुलामीचाच आहे. आता तो शब्द ज्यांनी अंगावर सोसला, त्यांच्याकडे जाऊन पाहिले पाहिजे.

हजरत बिलाल (र.) यांची कथा आपल्या मुलांना पाठ असते, पण तिच्यातील एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. बिलाल हबशी वंशाचे, मक्केतील उमय्या बिन खलफ याच्या मालकीचे. त्यांनी इस्लाम स्वीकारला तेव्हा उमय्याने त्यांना भर दुपारी तापलेल्या वाळूवर उताणे पाडले आणि छातीवर मोठा दगड ठेवविला. बिलाल यांच्या तोंडून एकच शब्द येत राहिला : अहद. म्हणजे एक. आता पाहा, उमय्याची मालकी कशावर होती? बिलाल यांचे हात, पाय, पाठ, झोप, भूक, सर्व त्याचे होते. तो त्यांना पाणी आणायला लावू शकत होता, उंट हाकायला लावू शकत होता. पण अमक्यावर श्रद्धा ठेव, असे फर्मान सोडून ती श्रद्धा त्याला मिळेना. दगड ठेवूनही मिळेना. ज्या माणसाजवळ स्वतःचे असे काहीही नव्हते, त्याच्याजवळ ही एक वस्तू स्वतःची निघाली आणि ती त्याने आपण होऊन दिली. पुढे हजरत अबू बक्र (र.) यांनी त्यांना मोल देऊन सोडविले. इ. स. ६३० मध्ये मक्का हाती आली, तेव्हा काब्याच्या छतावर चढून अजान देण्याचा मान याच बिलाल यांना मिळाला. खाली कुरैशांचे प्रतिष्ठित लोक उभे होते.

तेव्हा त्या काळच्या मक्केत 'मी अल्लाहचा अब्द' हे म्हणणे नम्रतेचे जितके होते तितकेच बंडाचेही होते. एकाचा झालो, म्हणजे उरलेल्या कोणाचाही नाही. आपल्या ताब्यातील माणसाला कोणी 'माझा अब्द' म्हणू नये, 'माझा मुलगा' अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारावी, अशी प्रेषितांची (स.) शिकवण हदीस-ग्रंथांत आहे. अब्द हा शब्द माणसाने माणसासाठी वापरण्यातून काढून घेतला जात होता. आणि कुरआनाच्या 'बलद' या सूरेत धर्माच्या खड्या चढणीचे वर्णन करताना पहिली पायरी सांगितली आहे ती गुलामाची मान मोकळी करण्याची.

येथे थांबून आपल्या इतिहासाचा अभिमान बाळगावा असा मोह होतो. मात्र इतिहास आपल्याला तेथे थांबू देत नाही. गुलाम मुक्त करणे पुण्याचे मानले गेले आणि असंख्य गुलाम मुक्तही झाले, पण प्रथा गेली नाही. मुस्लिम राजवटींत ती हजार वर्षांहून अधिक टिकली. सौदी अरेबियात ती कायद्याने बंद झाली १९६२ साली आणि मौरितानियात १९८१ साली. दिवसातून पाच वेळा एकाच मालकापुढे झुकणारे लोक स्वतः मालक होऊन बसले होते. या विसंगतीचे सर्वांत ठळक दर्शन ज्या शहरात घडते, त्याच शहरात आपल्या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तरही दिले गेले. ते शहर म्हणजे इराकमधील बसरा.

हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीत, इ. स. ६३८ च्या सुमारास लष्कराची छावणी म्हणून बसरा वसले आणि दोन-तीन पिढ्यांत मोठे बंदर व विद्येचे केंद्र झाले. माणूस आपल्या कर्माला स्वतंत्र आहे की सर्व काही आधीच ठरलेले आहे, हा वाद येथे मशिदीच्या खांबाखांबाशी चाले. हसन बसरी (मृत्यू इ. स. ७२८) येथलेच, बुद्धिवादी मोतझिला पंथाचे वासिल बिन अता (मृत्यू इ. स. ७४८) येथलेच. आणि याच शहराबाहेर खाऱ्या जमिनीवरील क्षाराचा थर खरवडून ती लागवडीला आणण्याचे काम पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम करीत. इ. स. ८६९ साली त्यांनी केलेले बंड चौदा वर्षे चालले. ८७१ मध्ये त्यांनी बसरा लुटले. मशिदीत स्वातंत्र्याची चर्चा आणि शेतात गुलाम! वाचकांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे, म्हणजे राबिआ बसरी या बाईचे मोल कळेल.

राबिआ इ. स. ८०१ मध्ये वारल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांच्याविषयी जवळच्या काळातील माहिती फार थोडी आहे. बसऱ्याचाच लेखक जाहिज त्यांचा उल्लेख करतो, तोही ओझरता. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सुमारे चारशे वर्षांनंतर फरीदुद्दीन अत्तार यांनी 'तजकिरतुल औलिया'त लिहिली. तिच्यावर इतिहास म्हणून डोळे मिटून विसंबता येत नाही, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी त्यांच्या गुलामगिरीच्या भागावरही शंका घेतली आहे. हे सांगूनच ती गोष्ट सांगतो.

आईबाप गेलेली ही मुलगी दुष्काळात बहिणींपासून दुरावली. कोणीतरी तिला पकडले आणि सहा दिरहमांना विकले. दिवसभर ती मालकाचे काम करी व रात्र नमाजेत काढी. एका रात्री मालकाला जाग आली. त्याने पाहिले तो मुलगी सजद्यात आहे आणि देवापाशी गाऱ्हाणे करीत आहे : माझ्या हाती असते तर तुझ्या सेवेतून क्षणभरही उठले नसते, पण तू मला माणसाच्या ताब्यात दिलेस, म्हणून तुझ्याकडे यायला उशीर होतो. तिच्या डोक्यावर टांगल्याविना दिवा तरंगत होता, असेही अत्तार लिहितात. सकाळी मालकाने तिला मुक्त केले.

दिव्याचे मी बाजूला ठेवतो. मला महत्त्वाची वाटते ती वेळ. एकाच घरात, एकाच शरीराने ती मुलगी दोन चाकऱ्या करीत होती. दिवसाची चाकरी हुकमाने होती. तिला मजुरी नव्हती आणि नकार देण्याची सोय नव्हती. रात्रीच्या चाकरीचा हुकूम कोणी बजावलेला नव्हता. ती झोपली असती तर कोणाला कळले नसते. थकलेल्या देहाची हक्काची झोप तिने मोडली. दोन्हींना अरबी भाषा एकाच धातूचे शब्द लावते, पण त्या मुलीला कोणी विचारले असते तर दोहोंतला फरक तिने खासच सांगितला असता. गोष्ट घडली नसेल कदाचित. पण ज्या समाजात घरोघरी गुलाम होते, त्या समाजाने ती रचली आणि जपली, हेही इतिहासच सांगतो.

राबिआंच्या नावावरील दुसरी कथा अधिक प्रसिद्ध आहे. एका हातात अग्नी, दुसऱ्या हातात पाणी घेऊन त्या रस्त्याने धावत होत्या. का? तर आगीने स्वर्ग जाळावा आणि पाण्याने नरक विझवावा, म्हणजे लोक बक्षिसासाठी किंवा भीतीने नव्हे, तर केवळ त्याच्यासाठी त्याची भक्ती करतील. चौदाव्या शतकात अफ्लाकी यांनी ही कथा राबिआंच्या नावाने नोंदविली आहे. गंमत अशी की तिची त्याआधीची एक नोंद चक्क फ्रान्समध्ये सापडते. फ्रान्सचा राजा नववा लुई सन १२५० नंतर क्रूसेडच्या निमित्ताने अक्का येथे होता. त्याने दमास्कसच्या सुलतानाकडे वकील पाठविले, त्यांच्याबरोबर अरबी जाणणारा ईव्ह नावाचा एक ख्रिस्ती धर्मगुरू होता. दमास्कसच्या रस्त्यात त्याला अग्नी आणि पाणी घेतलेली एक म्हातारी भेटली आणि तिने हेच कारण सांगितले, असे लुईचा सहकारी ज्वाँव्हील याने १३०९ साली पूर्ण केलेल्या चरित्रात लिहून ठेवले आहे. तलवार घेऊन आलेले लोक परत जाताना ही गोष्ट घेऊन गेले!

आता कोणी म्हणेल, स्वर्ग-नरक तर कुरआनाने सांगितले. ते जाळायला आणि विझवायला राबिआ कोण? आक्षेप रास्त आहे. कुरआन भय आणि आशा दोहोंनी हाक मारायला सांगतो. इमाम गजाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी भय हा चाबूक व आशा हा लगाम म्हटला आहे. घोडा चालायचा तर दोन्ही हवेत. पण त्याच गजालींनी प्रीतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि तिला सर्वांत वरचे स्थान दिले. हजरत अली (र.) यांच्या नावावर 'नहजुल बलागा'त एक वचन आहे. त्यात भक्तीचे तीन प्रकार केले आहेत : लाभासाठी करतात ती व्यापाऱ्यांची, भीतीने करतात ती गुलामांची आणि कृतज्ञतेने करतात ती स्वतंत्र माणसांची. पहिल्या दोघांची भक्ती खोटी आहे असे तेथे म्हटलेले नाही, हे ध्यानात घ्यावे. दुकानदारही नमाजी असू शकतो. तो फक्त अजून दुकानातच उभा आहे.

हे मी ग्रंथांतून शिकलो त्याआधी दुसऱ्या रीतीने शिकलो होतो. कोकणातील आमच्या गावच्या मक्तबमध्ये उस्तादांच्या हाती निरगुडीचा फोक असे. फजरला गैरहजर राहिलेल्यांची नावे घेतली जात. आम्ही कडाक्याच्या थंडीत वजू करून वेळेवर उभे राहत असू आणि रुकूत गेल्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यातून फोक कोठे आहे ते पाहत असू. पुढे शिकायला मुंबईस आलो. तेथे फोक नव्हता, आणि नमाजही राहिली नाही. चांगली तीन वर्षे. परत सुरू झाली ती वसतिगृहाच्या खोलीत, वडील वारल्यानंतरच्या हिवाळ्यात, सोबती झोपले असताना. त्या रात्री कोणी पाहत नव्हते. उस्तादांवर माझा राग नाही. त्यांनी शिकविलेले शब्दच तेव्हा तोंडी आले. पण शब्द त्यांचे असले तरी उभा मी माझ्या पायांवर होतो.

पालक यावर सात वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाविषयीची हदीस पुढे करतील. ती आहे, मी नाकारीत नाही. पण ज्यांच्या तोंडची ती सांगितली जाते, त्यांच्या घरी एक मूल चाकरीला होते, त्याची साक्षही ऐकावी. अनस बिन मालिक (र.) यांना त्यांच्या आईने दहा वर्षांचे असताना मदीनेत प्रेषितांच्या (स.) सेवेस दिले. दहा वर्षे त्यांनी सेवा केली. पुढे ते बसऱ्यात स्थायिक झाले आणि तेथेच, राबिआंच्या जन्माच्या थोडे आधी, फार वृद्ध होऊन वारले. त्या दहा वर्षांत प्रेषित (स.) मला कधी 'हूं' असे वैतागून बोलले नाहीत, हे का केलेस, ते का केले नाहीस, असे विचारले नाही, असे ते लोकांना सांगत. एक प्रसंग ते विशेष सांगत. एकदा प्रेषितांनी (स.) त्यांना काही कामाला जाण्यास सांगितले. मुलाने तोंडावर सांगितले, देवाशपथ जाणार नाही. आणि मनात होते की जायचेच. बाहेर पडला तो बाजारात पोरे खेळत होती, तेथेच रमला. इतक्यात मागून कोणीतरी त्याची मान धरली. वळून पाहिले तर प्रेषित (स.) हसत होते. लाडाने 'उनैस' म्हणून त्यांनी विचारले, सांगितले होते तिकडे गेलास का? आणि मूल म्हणाले, होय, हा निघालोच.