प्रस्तावना : लठ्ठपणा आणि प्रोस्टेटचा कर्करोग

लठ्ठपणामुळे प्रोस्टेटचा कर्करोग होतो का, असा सरळ प्रश्न घेऊन या विषयाकडे येणाऱ्याला सरळ उत्तर मिळत नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी लठ्ठपणाचे नाते ठळक आहे. प्रोस्टेटचे तसे नाही. नुसती रुग्णसंख्या पाहिली तर लठ्ठ आणि सडपातळ पुरुषांत फारसा फरक दिसत नाही. मृत्यूंकडे पाहिले की मात्र चित्र पालटते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 1982 पासून सुमारे नऊ लाख स्त्री-पुरुषांचा सोळा वर्षे मागोवा घेतला. युजेनिया कॅल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 35 ते 40 च्या दरम्यान असलेल्या पुरुषांत या कर्करोगाने मरण्याचा धोका सामान्य वजनाच्या पुरुषांपेक्षा 34 टक्क्यांनी जास्त निघाला.

आजार जवळपास तेवढाच, मग मृत्यू जास्त का? या क्षेत्राचे सारे आकर्षण मला या प्रश्नात वाटते.

एक उत्तर तपासणीच्या रीतीत आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय बहुधा प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या पीएसए या प्रथिनाच्या रक्तातल्या आकड्यावरून येतो. लठ्ठ पुरुषाच्या शरीरात रक्तद्रव अधिक असतो. मीठ तेवढेच आणि आमटीत पाणी जास्त, म्हणजे आमटी अळणी लागणारच; तसा पीएसए तेवढाच तयार होऊनही आकडा कमी दिसतो. हे 2007 मध्ये मोठ्या रुग्णसमूहांवरून दाखवले गेले. आकडा कमी म्हणून बायोप्सी होत नाही. झाली तरी लठ्ठ पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी अनेकदा मोठी असते आणि लहानशी गाठ सुईतून निसटू शकते. निदान लांबते.

सगळा दोष मोजमापावर टाकून मोकळे होता आले असते, पण अमेरिकेतल्या फिनास्टेराइड या प्रोस्टेटवरच्या औषधाच्या चाचणीने तशी सोय ठेवली नाही. त्या चाचणीत पीएसए कितीही असो, सात वर्षांच्या अखेरीस बायोप्सी करण्याची योजना होती. तिथे लठ्ठ पुरुषांत सौम्य प्रतीचा कर्करोग कमी आणि आक्रमक प्रतीचा जास्त आढळला. म्हणजे आजाराचा स्वभावही बदलत असावा.

कसा, याचे धागे अनेक आहेत. हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवले. त्याबद्दल 1966 चे नोबेल त्यांना मिळाले. लठ्ठ पुरुषांत मात्र टेस्टोस्टेरॉन कमीच असते. अशा टंचाईत जी गाठ वाढते ती संप्रेरकावर कमी विसंबणारी आणि म्हणून अधिक चिवट असावी, असा एक तर्क आहे. शिवाय इन्सुलिन, त्याच्यासारखे काम करणारे आयजीएफ-1, चरबीतून स्रवणारे लेप्टिन आणि खुद्द ग्रंथीभोवतीच्या चरबीतून मिळणारे संकेत आहेत. यांतले एकही सूत्र अजून शेवटचे मानू नये. उपचारही या गुंत्याबाहेर नाहीत. टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या औषधांनी चरबी वाढते, स्नायू झडतात, मधुमेहाची शक्यता बळावते. ही औषधे घेणाऱ्याच्या सुटलेल्या पोटाकडे बोट दाखवून त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे, हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही लक्षात ठेवावे.

मराठी वाचकाला यात आपला म्हणून एक प्रश्न सापडेल. वरचे बहुतेक आकडे पाश्चात्त्य पुरुषांच्या बीएमआयवर उभे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचीच तुलना ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बीएमआय 22.3, युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 30 ऐवजी 25 वर ओढली जाते ती अशाच कारणांमुळे. तेव्हा वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या आपल्या पुरुषाचा प्रोस्टेटचा धोका कोणत्या मापाने मोजायचा? मुंबईत 1963 पासून कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी चालू आहे. पण अशा नोंदणीत रुग्ण मोजले जातात, त्यांचे पोटाचे घेर नव्हेत.

वैद्यकाच्या, संख्याशास्त्राच्या आणि आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या विषयात जरूर यावे. पुढची पाने वाचताना प्रत्येक टक्केवारीपाशी थांबून तो धोका आजार होण्याचा आहे की त्याने मरण्याचा, एवढे तपासून मगच पुढे जावे.